बीएला तत्त्वज्ञान घेतलेले कोल्हापूरकर, आपापला अनुभव लिहा

माझी भाची यंदा बारावीला आहे, बीएला तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणून हटून बसलीय, आणि ताईचा रात्री फोन, तूच घेतलं होतंस ना मग तूच सांग तिला काय ते. माझ्या एकट्याच्या सांगण्यापेक्षा ज्यांनी ज्यांनी इथं हा विषय केलाय त्यांनी लिहावं, बरं-वाईट सगळं. सुरुवात मी करतो.

मी कागलकडचा, घरचं गुऱ्हाळ. स्पेशलला आम्ही ९ जण. न्यायदर्शन म्हणजे तर्कावर भर देणारं जुनं भारतीय दर्शन, त्यातलं अनुमान चाललेलं, पर्वतावर अग्नी आहे कारण तिथं धूर आहे, जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, अनुमानाचे पाचही अवयव, म्हणजे पायऱ्या, पाठ झालेले पण डोक्यात काही शिरलेलं नव्हतं. सरांनी विचारलं, आता उलटं करा, अग्नी आहे म्हणून धूर आहे असं म्हणता येईल का? वर्ग गप्प. मी उठून म्हणालो, सर, उसाचं चिपाड वाळलेलं असलं की चुलवाणात जाळ कडक लागतोय आणि धुराडं जवळजवळ साफ दिसतंय, पण अवकाळीनं चिपाड भिजलं की सगळं आवार धुरानं भरतंय, डोळे उघडवत नाहीत. सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, हीच उपाधी, म्हणजे आड लपलेली अट, नैयायिकांनी म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनी ओलं सरपणच सांगितलंय, ते असेल तरच अग्नीपाशी धूर, म्हणून उलटी व्याप्ती, म्हणजे जिथं अग्नी तिथं धूर हा कायमचा संबंध, टिकत नाही. लहानपणापासून रस उकळायच्या काहिलीजवळ उभा राहून जे बघत होतो ते शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी इतकं बारकाईनं मांडून ठेवलंय हे कळल्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, खरंच सांगतो.

उद्यमनगर
वरचं वाचून राहवलं नाही. आम्हाला याच जागी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण होतं, अग्नी आहे पण धूर नाही. माझे वडील फौंड्रीत. रात्री जेवताना त्यांना सांगितलं तर म्हणाले, लोखंडाचा रस किती तापलाय ते आम्ही रंगावरून ओळखतो, हात लावून कोण बघतंय, मग हे पण अनुमानच की. मी म्हटलं व्हय, हेच. तिथनं पुढं रोज विचारायचे, आज काय शिकवलं. सातवी शिकलेला माणूस, पण चार्वाक फक्त प्रत्यक्ष प्रमाण मानतो, म्हणजे इंद्रियांना कळतं तेवढंच, अनुमान नाही, म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, मग तो उद्याच्यासाठी पीठ कशाच्या भरवशावर मळून ठेवत असंल? आजवर घडलं म्हणून उद्याही तसंच घडेल या तर्काला आगमन म्हणतात, त्यावरचा ह्यूम या तत्त्वज्ञाचा आक्षेप मला पुस्तकापेक्षा या प्रश्नानं जास्त समजला.

राजारामपुरी
माझा अनुभव असा नाही, तोही वाचा. आमच्या कॉलेजात जागा रिकामी, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, वर्षात तिघं बदलले. जर्मन तत्त्वज्ञ कांट शिकायची वेळ आली तोपर्यंत शिकवायला कुणीच नव्हतं. विश्लेषक विधान, संश्लेषक विधान, पूर्वप्राप्त ज्ञान, मराठीच शब्द पण एकाचाही अर्थ लागेना, गाईडमधलं घोकून पेपर दिला आणि पासही झाले याचं मला आजही वाईट वाटतं. पुढं दोन वर्षांनी करवीर नगर वाचन मंदिरात बसून ७ + ५ = १२ हे एकच उदाहरण घेऊन बसले. ७ आणि ५ यांची बेरीज या कल्पनेत १२ आधीच दडलेत का, की बोटं मोजून तिथवर जावं लागतं? कांट म्हणतो जावं लागतं, म्हणून ते संश्लेषक, आणि तरी ते अनुभवावर टेकलेलं नाही, म्हणून पूर्वप्राप्त. एका दुपारी हे कळलं. १७८१ च्या ग्रंथातली गोष्ट कळायला शिक्षक असता तर एक तास पुरला असता. भाचीला सांगा, कॉलेज निवडताना आधी बघ पूर्णवेळ शिकवणारं माणूस आहे का.

शिरोळची
मी जैन, बोर्डिंगात राहून शिकले. प्रत्येक विधान कुठल्यातरी एका बाजूनं खरं असतं हे आमचं जैन मत म्हणजे स्याद्वाद, गाईडमध्ये त्यातल्या 'स्यात्'चा अर्थ 'कदाचित' दिलेला, म्हणजे आम्ही सगळे संशयातच जगतो असं झालं! मॅडमनी तो शब्द खोडायला लावला. स्यात् म्हणजे एका अपेक्षेनं. घडा माती म्हणून आहे, सोनं म्हणून नाही, यात कदाचित कुठं आलं? मग त्यांनीच शंकराचार्यांचा आक्षेप शिकवला, एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म एकाच वेळी कसे राहतील, आणि दोन्ही बाजू तेवढ्याच ताकदीनं लिहून आण म्हणाल्या. घरी ज्याला हात जोडतो त्याच्याविरुद्धची बाजू मनापासून लिहायची, मला चार दिवस लागले. तेवढं अवघड मी नंतर काही लिहिलेलं नाही.

टाकाळा
नोकरीचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. यूपीएससीला हा ऑप्शनल आहे, २५० मार्कांचे २ पेपर. मी दोनदा दिली, नाही झालं, आता बँकेत आहे. विषयाबद्दल तक्रार नाही.

धागा काढणारा
भाचीनं सगळं वाचलं. राजारामपुरीवाल्या ताईंचा सल्ला तिनं वहीत लिहून घेतलाय. मला विचारलं, मामा, पण लांबून जो धूर वाटतोय ती वाफ असली तर? मी म्हटलं, मग हेतूच असिद्ध, म्हणजे कारण म्हणून दिलेला धूरच तिथं नाही, अनुमान तिथंच पडलं, पण असं नको, रविवारी ये, हंगाम चालू आहे. पहाटे पाचला काहील चढते, थंडीत रस्त्यावरनं बघितलं तर धुराड्याचा धूर कुठला आणि काहिलीवरची वाफ कुठली हे मला पण पटकन सांगता येत नाही.