मदत हवी आहे: जपानमधलं कामिकात्सु, पत्ता नोंदवायचा कुठे?

भाची ओसाका शहरातून शिकोकू बेटावर कामिकात्सुला राहायला जातेय. पत्ता तोकुशिमा-केन, कात्सुउरा-गुन, कामिकात्सु-चो असा आहे. गुन म्हणजे तालुक्यासारखं काही का? कागदपत्रं तिथे द्यायची की गावात? आणि तिकडे कचऱ्याची गाडीच येत नाही म्हणे?

प्रतिसाद १:
गुनमध्ये कुणी तहसीलदार बसत नाही. गुनच्या कचेऱ्या १९२६ सालीच बंद झाल्या, नाव तेवढं पत्त्यात उरलं. कात्सुउरा-गुनमध्ये दोनच गावं: नदीच्या खालच्या अंगाला कात्सुउरा, वर डोंगरात कामिकात्सु. दोघांचे कारभार वेगळे, तेव्हा खालच्या गावात उतरलात तर हेलपाटा ठरलेला.

आधी ओसाकाच्या वॉर्ड ऑफिसात 'तेनशुत्सु-तोदोके' (शहर सोडत असल्याची नोंद) देऊन दाखला घ्यायचा. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत कामिकात्सुच्या याकुबात, म्हणजे गावच्या कचेरीत, 'तेन्न्यू-तोदोके' (राहायला आल्याची नोंद) द्यायचा. ही कचेरी फुकुहारा भागात आहे. रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) विसरू नका, नवा पत्ता त्याच्याच मागे नोंदवतात. माय नंबर कार्ड (आधारसारखं ओळख क्रमांकाचं कार्ड) असेल तर तेही न्या. नोकरीतून विमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्य विमा त्याच खेपेत उरकतो.

व्हिसाची मुदतवाढ मात्र गावात होत नाही, ते काम केंद्राच्या इमिग्रेशनचं. भारतीय लायसन्स बदलून घेणं केनच्या, म्हणजे प्रांताच्या, पोलिसांकडे, त्यांचं केंद्र त्याच प्रांतातल्या मात्सुशिगेला आहे.

प्रतिसाद २:
पत्त्यात चोच्या, म्हणजे गावाच्या, पुढचं ओआझा (गावातला मोठा भाग: फुकुहारा, मासाकी, इकुमी, आसाही वगैरे) आणि आझा (त्यातला छोटा भाग) गाळू नका. घराचा आकडा म्हणजे जमिनीचा गट नंबर, रस्त्याने ओळीने लागत नाही. नकाशाच्या ॲपवर नुसता आकडा टाकला तर भलत्याच उतारावर नेऊन सोडतं. घरमालकाकडून नकाशावरची खूण मागवून घ्या.

गाडी येत नाही हे खरं. सुमारे ११० चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख, २०२०च्या जनगणनेत माणसं दीड हजारसुद्धा नाहीत, आणि वाड्या चढउतारांवर विखुरलेल्या. दारोदार गाडी कशी परवडणार? लोकच कचरा केंद्रावर नेतात आणि चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. ओल्या कचऱ्याचं खत घरीच. दुधाचा खोका कापून, धुऊन, वाळवून न्यायचा. बाटलीचं झाकण वेगळं, त्यातही धातूचं निराळं, प्लास्टिकचं निराळं. नवख्याचं अडतं ते धुण्यावर, कारण खरकटं लागलेलं प्लास्टिक पुनर्वापराच्या डब्यात चालत नाही.

गावात रेल्वे नाही. तोकुशिमा स्टेशनपासून नदीकाठच्या १६ नंबरच्या रस्त्याने मोटारीने तासाभराचं अंतर. स्वतःची गाडी नसेल तर बसचं वेळापत्रक आधी बघूनच घर ठरवा.