टेलला दीड पाळी, पाणीपट्टी मात्र पूर्ण. पाणी मोजून का देत नाहीत?

माळावरचा_सोलापूर:
नमस्कार मंडळी. माझी अडीच एकर कालव्याच्या पार शेपटाला, म्हणजे टेलला आहे. रब्बीला सात नंबर फॉर्म (कालव्याच्या पाण्याचा मागणी अर्ज) भरला, दीड एकर ज्वारी आणि एक एकर गहू. पाणी सोडायच्या तीन पाळ्या सांगितल्या होत्या, पहिली नीट मिळाली, दुसरीला रात्री दोनला चारीत (कालव्यातून शेताकडे येणाऱ्या पाटात) पाणी आलं आणि पहाटे सहाला बंद, तिसरी आलीच नाही, गहू ऐन ओंबीत वाळला. पाणीपट्टी मात्र पूर्ण आली, कारण ती एकरावर. वर हेडला, कालव्याच्या तोंडाशी, ऊसवाल्यांच्या शेतातले पाट तुंबलेत. घरची लाईट मीटरवर मोजतात, पेट्रोल लिटरवर, मग पाणीच एकरावर का? आणि वर सगळे म्हणतात दर वाढवा म्हणजे शेतकरी पाणी जपून वापरेल. जे आलंच नाही ते मी जपू कसं?

निवृत्त_कालवा:
दादा, माझी सगळी नोकरी चाऱ्यांवर गेली म्हणून सांगतो. आकारणी पीक, हंगाम आणि क्षेत्रावर होते, कारण प्रत्येकाच्या बांधावर मोजयंत्र बसवणं शक्य नव्हतं. त्यामुळे एकदा फॉर्म मंजूर झाला की हेडवाल्याने दारं तासभर उघडी ठेवली काय आणि रात्रभर ठेवली काय, बिल तेवढंच. अशात नुसता दर वाढवला तर तुमचंही बिल वाढेल, पाणी वाढणार नाही.
2005 ला दोन कायदे आले, एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि दुसरा शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांचा. त्यात पाणी चारीच्या तोंडाशी मोजून संस्थेला द्यायचं, कोटा ठरलेला, पैसे घनमीटरवर, पीक कुठलं घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. नाशिककडे वाघाड धरणावर हे त्याच्याही आधी, 1991 मध्ये सुरू झालं, आणि सुरुवात ओझरच्या टेलवाल्यांनी केली हे लक्षात घ्या! पुढे अख्ख्या प्रकल्पावर संस्था झाल्या.
एक हिशोब डोक्यात ठेवा, 1 क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी 1 तास चाललं की एका एकरात 1 इंच, म्हणजे साधारण 1 लाख लिटर. ज्वारीला 3-3 इंचाची दोन पाणी धरली तर एकरी 6 तास. मोकाट पाण्यावरचा ऊस वर्षाला एकरी कोटभर लिटर पितो, म्हणजे तीच चारी 100 तास.

ऊसकरी_माढा:
काका हिशोब बरोबर आहे पण उसाला शिव्या देणं सोपं आहे. मी लावतो कारण एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) ठरलेली आहे, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. ज्वारीची खात्री कोण देतं? दुसरं म्हणजे कालव्याचं मोजाल, विहिरीचं काय? एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत वीज माफ आहे, कालव्याचा पाझर माझ्याच विहिरीत येतो आणि तो उपसायला मला बिल नाही. मी निम्म्यावर ठिबक केलंय पण ते मजूर मिळत नाही म्हणून, पाणी महाग म्हणून नाही, खरं तेच सांगतो.

पुरंदरची_लेक:
आमच्याकडे विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत सुरू केली ती 1972 च्या दुष्काळानंतर. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस बंद. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क! दराची चर्चा सगळे करतात पण आधी पाणी कुणाचं ते ठरवा की, नाहीतर दर वाढवून ज्याच्याकडे पैसा तोच भिजवेल. हिवरे बाजारला तर दरवर्षी पाऊस मोजून गावाचा ताळेबंद मांडतात आणि मगच रब्बीला काय पेरायचं ते ठरतं, शेतीला बोअर घ्यायला बंदी. म्हणजे विहिरीवाल्या दादांचा प्रश्नही सुटू शकतो, पण गाव एकत्र बसलं तरच.

माळावरचा_सोलापूर:
सगळ्यांचे आभार. काका तुमचा तासाचा हिशोब वहीत लिहिला, म्हणजे मला दीड एकर ज्वारीलाच दोन पाण्यांचे मिळून 9 तास, एका पाळीला साडेचार तास लागत होते आणि दुसऱ्या पाळीला सगळ्या टेलला मिळून 4 तास आले, तेही पूर्ण धारेने नाही. आमच्या चारीवर टेलला अकरा जण आहोत, रविवारी देवळात बसतोय. चारीच्या तोंडाला जुनं मोजयंत्र आहे पण त्याची मोजपट्टी गंजून गेलीय, ती नवीन बसवायला अर्ज कुणाच्या नावे करायचा, पाटबंधारेच्या शाखेत की उपविभागात? आणि पुढच्या पाळीला आम्ही स्वतः तास लिहून ठेवले तर ते कागदावर धरतात का?