अल्पाकाच्या लेंड्यांतील जंत : डीएनए तपासणी कोणती मागवावी?

प्रश्न (व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलियाहून)
नमस्कार. मी इथे पशुवैद्य आहे. एका पशुपालकाचे अल्पाका (लोकरीसाठी पाळले जाणारे उंटवर्गीय प्राणी) मेंढ्यांच्याच कुरणात चरतात. जंतनाशक देऊनही काही माद्यांच्या लेंड्यांत स्ट्राँगाइल गटाच्या जंतांची (आतड्यातील गोलकृमींची) अंडी भरपूर दिसतात, त्यांच्या पापण्यांची आतली बाजू फिकट पडली आहे आणि एका पिल्लाला हगवण लागली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजता येतात. परंतु ती याच गटातील हिमाँकसची की ट्रायकोस्ट्राँगिलसची, हे त्यांच्या आकारावरून खात्रीने ठरवता येत नाही. अशा वेळी कोणती जनुकीय तपासणी उपयोगी पडेल?

उत्तर १
डॉक्टर, माद्यांसाठी आयटीएस-२ या डीएनए तुकड्यावर आधारलेली तपासणी मागवा. हा तुकडा एका जातीच्या जंतांमध्ये जवळजवळ सारखा असतो आणि दोन जातींमध्ये ओळखण्याइतका वेगळा असतो, म्हणून मिश्र संसर्गातील सर्व अंड्यांचा किंवा अळ्यांचा डीएनए एकत्र वाचला तरी कोणती जात किती प्रमाणात आहे हे कळते. मात्र त्यातून केवळ प्रमाण मिळते, जंतांचा एकूण भार कळत नाही. त्यामुळे दर ग्रॅम लेंडीतील अंड्यांची मोजणी सोडून चालणार नाही. प्रयोगशाळेच्या संदर्भसंग्रहात कॅमेलोस्ट्राँगिलससारख्या उंटवर्गीयांतील जंतांचे डीएनए अनुक्रम (तुलनेसाठीच्या नोंदी) आहेत का, हेही आधी विचारा. संग्रह केवळ मेंढ्यांच्या जंतांचा असेल, तर अहवालात ती जात ओळखलीच जाणार नाही.

उत्तर २
पिल्लाचा विचार स्वतंत्रपणे करावा, कारण आयटीएस-२ ची ही तपासणी गोलकृमींसाठी आहे. एकपेशीय परजीवी तिच्यात दिसत नाहीत. हगवण लावणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीची जात १८-एस जनुकावरून ठरते आणि पार्व्हम जात निघाल्यास जीपी-६० जनुकावरून तिचा उपप्रकार कळतो. ही जात माणसालाही बाधते, म्हणून अहवाल येईपर्यंत पिल्लाला हाताळणाऱ्यांनी हात साबणाने नीट धुतलेच पाहिजेत. आयमेरिया मॅकुसानिएन्सिस या दुसऱ्या एकपेशीय परजीवीची अंडपुटी (लेंडीतून बाहेर पडणारी, अंड्यासारखी अवस्था) मात्र इतकी मोठी, तपकिरी आणि नासपतीच्या आकाराची असते की ती सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू येते. ती जड असल्यामुळे तरंगवण्यासाठी साखरेचे दाट द्रावण घ्यावे. अडचण एवढीच, की संसर्गानंतर अंडपुटी बाहेर पडायला महिन्याहून अधिक काळ लागतो आणि जनावर त्याआधीच आजारी पडू शकते. त्या काळात पीसीआरचा (परजीवीच्या डीएनएच्या असंख्य प्रती करून तो शोधणाऱ्या तपासणीचा) खरा उपयोग होतो.

उत्तर ३ (परभणीहून)
हिमाँकस काँटॉर्टसच निघाला, तर औषधप्रतिकाराचीही तपासणी करून घ्यावी. आमच्याकडील शेळ्यांतही हीच जात त्रास देते आणि बीटा-ट्युब्युलिन जनुकातील 167, 198 व 200 या स्थानांवरील बदल तिथेही तपासले जातात. हे बदल अल्बेंडाझोल या जंतनाशकाच्या गटाविरुद्धच्या प्रतिकारापुरतेच बोलतात; आयव्हरमेक्टिन या वेगळ्या गटातील जंतनाशकासाठी औषधाआधी आणि सुमारे दोन आठवड्यांनी अंडी मोजून तुलना करणेच योग्य. डीएनएसाठीचा नमुना फॉर्मेलिनमध्ये कधीही ठेवू नये, कारण त्यात डीएनए खराब होतो. प्रयोगशाळेला विचारून तो इथेनॉलमध्ये पाठवावा आणि मोजणीसाठी ताजा नमुना वेगळा, थंड ठेवावा.

प्रश्नकर्ती
तिघांचेही मनःपूर्वक आभार. लेंड्या कुरणातून गोळा केल्या तर चालतील का?

उत्तर १
वैयक्तिक निदानासाठी नाही. अल्पाका ठरावीक जागी मिळून लेंड्या टाकतात, त्यामुळे त्या ढिगातील नमुना कोणत्या मादीचा हे सांगता येणार नाही. फिकट पडलेल्या माद्यांचे नमुने थेट गुदद्वारातून घ्यावेत आणि प्रत्येकावर कानातील बिल्ल्याचा क्रमांक लिहावा.