पुनर्वसित गावातल्या मुलांसाठी नेमकं कोणतं प्रशिक्षण मागावं?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातली. आमचं जुनं गाव वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलं, आता नव्या गावठाणात राहतो. माझं बीएस्सी झालंय. ग्रामसभेने गावातल्या तरुणांची यादी करायचं काम माझ्याकडे दिलं आहे.

मागच्या आठवड्यात एका प्रशिक्षण संस्थेचे लोक येऊन गेले. तीन महिन्यांचा मोफत कोर्स, राहणं-जेवण त्यांच्याकडे, शेवटी नोकरी असं सांगतात. कोर्स दोनच, डाटा एन्ट्री आणि मॉलमधली विक्री. तीस नावं लवकर द्या म्हणतात. गावात १८ ते ३० वयाची पन्नासेक मुलं-मुली आहेत. बरीच बारावी झालेली, थोडी पदवीधर, काही दहावीलाच अडलेली. वावर राहिलं नाही, त्यामुळे काहीच जमलं नाही तर बापासोबत शेती करू, ही सोयही गेली. मोबदल्याचा पैसा घर बांधण्यात, लग्नकार्यात आणि गाड्यांमध्ये संपला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला हातात घेऊन बरेच जण अजून सरकारी जाहिरातीची वाट बघत बसलेत.

याआधी बायकांसाठी शिवणवर्ग झाला होता. मशिनी मिळाल्या, पण गावात सगळ्याच शिवायला लागल्या तर शिवून घेणार कोण? तसंच पुन्हा होईल अशी भीती वाटते. नावं देऊ, की दुसरं काही मागू? आणि आपल्या भागात खरंच कोणत्या कामाला माणसं लागतात हे शोधायचं तरी कसं?

निवृत्त शिल्प निदेशक

ताई, माझी सगळी नोकरी विदर्भातल्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या (इलेक्ट्रिशियन) वर्गावर गेली. प्रकल्पग्रस्तांची मुलं माझ्या हाताखाली पुष्कळ शिकली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, तीस नावं घाईने देऊ नका. कोणता कोर्स शिकवायचा हे संस्थेकडे कोणता मास्तर आणि किती संगणक आहेत त्यावर ठरतं. तुमच्या गावाला काय हवं याचा त्यात विचार नसतो. संस्था वाईटच असते असं मी म्हणत नाही. पण उलट्या टोकाने सुरुवात करा. एसटीने किंवा दुचाकीने रोज जाता येईल अशा अंतरात पगार देणारं कोण आहे, ते आधी बघा.

तुमच्या बाजूला ते पुष्कळ आहे. आंभोऱ्याचा पूल झाल्यापासून भंडारा तुम्हाला जवळ आलं. तिकडे वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँड, जवाहरनगरला आयुध निर्माणी. भंडारा जिल्ह्यात भाताच्या गिरण्या गावोगाव. इकडे नागपूरला मिहान आणि हिंगणा, खाली बुटीबोरी, उमरेडला कोळसा खाण. यात सगळ्यात कमी लक्ष जातं ते राइस मिलकडे, म्हणून तिचंच उदाहरण देतो.

गिरणीत मोठ्या मोटारी असतात. हंगामात एखादी मोटर बसली की धान्याचे ट्रक दारात उभे राहतात आणि मालक भंडाऱ्याहून किंवा नागपूरहून माणूस येईपर्यंत वाट बघतो. एक मिलमालक माझ्याकडे मुलं मागायला यायचे. ते प्रमाणपत्र बघायचेच नाहीत. मोठी मोटर आधी कमी दाबाच्या ‘स्टार’ जोडणीवर सुरू करतात, वेग आला की टाइमर तिला पूर्ण दाबाच्या ‘डेल्टा’वर नेतो, आणि जास्त करंट गेला की ओव्हरलोड रिले ती बंद करतो, त्याला ट्रिप म्हणतात. मालक मुलाला पॅनेलसमोर उभं करून विचारायचे, “मोटर स्टारवर सुरू होते, डेल्टावर गेली की ट्रिप मारते. आधी काय बघशील?” जो म्हणेल की टाइमर कमी सेकंदांवर लावलाय का ते बघतो, मग वाइंडिंगची टोकं उलटसुलट जोडली गेलीत का ते तपासतो, आणि ओव्हरलोड रिलेची सेटिंग मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरशी ताडून बघतो, त्याला तिथेच कामावर ठेवायचे. जो सरळ रिलेचं बटण वाढवून टाकतो म्हणेल त्याला परत पाठवायचे, कारण त्याने मोटर जळते. हे ज्ञान तीन महिन्यांत येत नाही. वीजतंत्रीचा कोर्स दोन वर्षांचा उगाच नाही.

म्हणून गावातल्या दोन-तीन चुणचुणीत मुलांना सोबत घ्या आणि अशा दहा-बारा ठिकाणी स्वतः जाऊन या. मोठ्या कारखान्यात गेटवर कोणी बोलणार नाही, तिथे कंत्राटदाराचा सुपरवायझर गाठा. “माणसं लागतात का” असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. गेल्या वर्षभरात नवीन कोणाला घेतलं, तो काय शिकून आला होता, हातात किती पडतात आणि कोण सोडून गेलं, का गेलं, एवढं विचारा. सोडून का गेलं याचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं. बहुतेक ठिकाणी ते कामाशी संबंधित नसतंच. पहिली पाळी सकाळी सहाला लागते आणि गावातून पहिली एसटी त्यानंतर सुटते. मुलगा कितीही तयार असला तरी खोलीचं भाडं पगारातून जाणार असेल तर तो दोन महिन्यांत घरी येतो. आपल्या मुलांना मागे शेतीचा आधार नाही, त्यामुळे पहिला पगार हातात पडेपर्यंतचे दोन महिने कसे काढायचे हे कोर्स निवडतानाच ठरवावं लागतं.

दुसरं, शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. आपल्याकडे हिची चर्चा फार कमी होते आणि मला त्याचं वाईट वाटतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७००० रुपये केलं. पैसे थोडे आहेत, पण मुलगा खऱ्या मशीनवर वर्ष काढतो आणि तिथले फोरमन त्याला नावाने ओळखायला लागतात. विस्थापित मुलाकडे नेमकी हीच गोष्ट नसते. जुन्या गावात कोणाचा मामा गिरणीत, कोणाचा चुलता कारखान्यात, असं कोणी ना कोणी होतं. गाव उठलं, घरं चार ठिकाणी विखुरली, आणि “आमच्या पोराला लावून घ्या” म्हणणारं माणूसच उरलं नाही. उमेदवारीच्या वर्षात मुलाची तशी ओळख नव्याने तयार होते. केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी करता येते, आणि आयटीआयमध्ये मूलभूत प्रशिक्षण केंद्राचे लोक असतात, त्यांना जाऊन भेटा.

दहावी नापास मुलांना सोडून देऊ नका. संधाता (वेल्डर) आणि तारतंत्री (वायरमन) या व्यवसायांना दहावी नापासलाही प्रवेश मिळतो. आयटीआयला वयाची वरची अटही नाही, त्यामुळे पंचवीस-सव्विशीतला मुलगाही बसू शकतो. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन निघतात, तेवढी तारीख चुकवू नका.

आणि एक विनंती. गावातले सगळे एकाच व्यवसायात घालू नका. शिवणवर्गाचं तुम्ही लिहिलंच आहे.

बुटीबोरी फॅब्रिकेशन

सरांशी सहमत. मी शेड आणि टाक्यांचं फॅब्रिकेशन करणाऱ्या शॉपमध्ये सुपरवायझर आहे. वेल्डर आम्हाला बाराही महिने लागतात, पण येणाऱ्या मुलांनी बहुतेक वेळा सपाट पट्टीवर आडवी वेल्ड मारलेली असते. उभी आणि डोक्यावरची वेल्ड मारायला सांगितली की हात थरथरतो. आमच्याकडे साध्या रॉडपेक्षा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सोडत तारेने करायचं वेल्डिंग, जास्त चालतं, ते मशीन बऱ्याच मुलांनी जवळून बघितलेलं नसतं. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरण्याआधी ओव्हनमध्ये तापवून कोरडा करावा लागतो, ओला वापरला तर वेल्डमध्ये भोकं पडतात, हेही कोणी सांगितलेलं नसतं.

ताई, तुम्ही खरंच मुलांना घेऊन शॉप बघायला निघालात तर आमच्यासारख्या ठिकाणी नाही म्हणणार नाहीत. कोर्स ठरवायच्या आधी मुलांनी एक दिवस पूर्ण पाळी उभं राहून बघावं. उन्हाळ्यात शेडखाली पत्रा तापतो, तिथे हेल्मेट घालून काम करायचं असतं. ज्याला ते झेपेल असं वाटतं त्यानेच वेल्डिंग घ्यावं. बाकीच्यांनी एसी दुरुस्ती बघावी. नागपुरात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा एसी मेकॅनिक हातापाया पडूनही मिळत नाही. पावसाळा-हिवाळ्यात मात्र काम कमी होतं, त्याची तयारी ठेवायला लागते.

पवनीकर

मी पण गोसीखुर्दचाच, पवनी तालुक्यातला. मी असाच एक कोर्स करून पुण्याला गेलो होतो. कोर्स वाईट नव्हता, नोकरीही लागली, खोटं कशाला बोलू. पण गोदामात पॅकिंगचं काम होतं, आणि त्यासाठी कोर्सची गरज नव्हती. सहा जण एका खोलीत राहायचो. बारा तास उभं राहून हातात जे पडायचं त्यातलं भाडं-मेस जाऊन घरी पाठवायला काही उरायचं नाही. बाबांची तब्येत बिघडली तेव्हा परत आलो. आमच्या बॅचमधले जवळपास सगळेच आले.

ताई, संस्थेला हे विचारा की मागच्या बॅचची मुलं आज कुठं आहेत, आणि त्यातल्या दोघा-तिघांचे फोन नंबर द्या. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेखालचा कोर्स असेल तर किमान सत्तर टक्के मुलांना काम मिळवून द्यायची अट असते, म्हणजे त्यांच्याकडे पगाराचे कागद असायलाच पाहिजेत. ते दाखवतात का बघा.

दुसरी गोष्ट कागदांची. माझ्या टीसीवर जुनं गाव, आधारवर नवीन गावठाण, जातीच्या दाखल्यावर तिसरंच. कंपनीत पीएफ काढताना आणि पोलीस पडताळणीत अडकलो. हे सगळं नोकरीला जायच्या आधी तहसीलमध्ये सरळ करून घ्या.

मी आता धरणात पिंजऱ्यातल्या मासेपालनाचं काम शिकतोय. ढिवर समाजाच्या मुलांना पाणी आणि जाळं शिकवावं लागत नाही. खाद्य किती टाकायचं, पाण्यातला ऑक्सिजन कसा मोजायचा, बर्फात माल कसा भरायचा, बोटीचं इंजिन कसं खोलायचं, एवढंच शिकवावं लागतं. त्यांना मॉलमध्ये पाठवू नका, एवढं मनापासून सांगतो.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. निदेशक सर, तुमचं वाचून मी यादी परत केली. आधी नुसती नावं आणि शिक्षण होतं. आता कोण बाहेर राहू शकतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाकडे गाडी आहे, कोणाला आधीपासून काय येतं, हेही लिहितेय. त्यात कळलं की दोन मुलं घरोघरी वायरिंग करतात, कोणाकडे न शिकता. एक मुलगी मोबाइल दुरुस्त करते, हे मला शेजारी राहून माहीत नव्हतं.

दोन शंका आहेत. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर विसंबून असलेल्यांना काय सांगू? आणि मुलींचं काय? घरचे नागपूरला एकटीला पाठवायला तयार नाहीत, आणि गावात सगळ्यांना शिवणकामच सुचतं.

निवृत्त शिल्प निदेशक

दाखल्याबद्दल. शासकीय भरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि ते हक्काचं आहे, ते सोडू नका. पण दाखला कुटुंबात एकाच्याच नावाने चालतो आणि जागांच्या मानाने दाखलेधारक खूप जास्त. तो रिकामा ठेवण्यापेक्षा त्याला जोड द्या. महावितरणमध्ये विद्युत सहायकाची भरती निघते तेव्हा वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं. नुसत्या बारावीवाल्याचा दाखला तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून दाखला ज्याच्या नावावर आहे त्याला आधी आयटीआयला बसवा. भरती निघेपर्यंत तो गिरणीत कमावत राहील.

वायरिंग करणाऱ्या त्या दोन मुलांना तर उद्याच गाठा. आधी शिकलेलं तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. पण माझं मत विचाराल तर त्यांनी तारतंत्री करावंच. अर्थिंग न घेता घरात वायरिंग करणं जिवावरचं काम आहे, आणि न शिकलेला मुलगा नेमकं तेच सोडतो.

मुलींसाठी भंडाऱ्याला किंवा नागपूरला आरसेटीत चौकशी करा. ही बँकेने चालवलेली निवासी संस्था असते, राहणं-जेवण मोफत, कोर्स दहा दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे. गावातल्या चार-पाच मुली एकत्र गेल्या तर घरचे तयार होतात, असा माझा अनुभव आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्या मुलीला तिथे पाठवा, पुढे बँकेकडून कर्जाचंही बोलता येतं. आणि जिला हवं तिला वीजतंत्रीला बसवा. माझ्या वर्गात मुली कमीच असायच्या, पण पॅनेलची वायरिंग त्यांची इतकी नीटनेटकी असायची की मी बाकीच्यांना तीच दाखवायचो.

संस्थेला नाही म्हणू नका. ज्या पदवीधरांना संगणकाचं काम खरंच करायचंय अशी पाच-सहा नावं द्या आणि बाकीच्या जागांसाठी लेखी मागणी करा: वेल्डिंग, एसी दुरुस्ती, मोटर रिवाइंडिंग. ग्रामसभेचा ठराव जोडा आणि एक प्रत जिल्हा कौशल्य विकास केंद्राच्या सहायक आयुक्तांना द्या. कारखाना बघायला कधी निघताय ते कळवा. राइस मिलवाल्यांशी मी बोलून ठेवतो.