अमेरिकेतील रेसिडेन्सी मॅच: मुलाखतींनंतर पसंतीक्रमाची यादी कशी लावावी?

विचारणा

नमस्कार. महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून मी एमबीबीएस झाले असून यंदा अमेरिकेतील इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी, अर्ज केला आहे. मुलाखती संपत आल्या आहेत आणि आता पसंतीक्रमाची यादी भरायची आहे. माझी मनापासूनची पहिली पसंती शिकागोतील एका विद्यापीठाच्या रुग्णालयाला आहे, पण तिथे स्पर्धा फार मोठी आहे. ओहायोतील एका लहान रुग्णालयाने मात्र मुलाखतीनंतर ‘आमच्या यादीत तुम्ही बऱ्याच वर असाल’ असे ईमेलने कळवले आहे. मैत्रिणी सांगतात की खात्रीची जागा पहिली लाव, नाहीतर शिकागोच्या नादात ओहायोही हातचे जाईल. नीट-पीजीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या, चॉइस फिलिंगपलीकडे मला या प्रकाराची माहिती नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, शिकागोच पहिले लावा. मैत्रिणींचा सल्ला काळजीपोटी आला असला तरी तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे पद्धत समजून घेतली की आपोआप स्पष्ट होते.

ही मॅच, म्हणजे अर्जदार आणि रुग्णालये यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा देण्याची पद्धत, १९५२ पासून चालते आणि ती एनआरएमपी (नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम) ही संस्था चालवते. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या गणिती कल्पनेच्या आधारे अॅल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी तिची आजची रीत बसवली. १९९८ पासून ती अर्जदाराच्या बाजूने सुरू होते. (रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच विषयातील कामासाठी.) संगणक आधी तुमच्या यादीतील पहिले नाव घेतो. समजा, शिकागोने तुम्हाला आपल्या यादीत घेतले आहे आणि तिथे जागा शिल्लक आहे, तर तुमची तिथे तात्पुरती नोंद होते. नंतर शिकागोला तुमच्यापेक्षा अधिक पसंत असलेले अर्जदार तिथे आले आणि जागा संपल्या, तर तुमची नोंद सुटते आणि संगणक तुमच्यासाठी ओहायोकडे वळतो. मैत्रिणींची भीती नेमकी इथली आहे: तोवर ओहायोच्या जागा भरलेल्या असतील तर? असू देत. त्याही तात्पुरत्याच भरलेल्या असतात. ओहायोने तुम्हाला तिथे नोंद झालेल्यांपैकी एखाद्यापेक्षा वर ठेवले असेल, तर तो अर्जदार बाहेर पडतो आणि ती जागा तुम्हाला मिळते. तुम्ही ओहायोला पहिले लावले होते की दुसरे, याने तिथे काडीचाही फरक पडत नाही. शिवाय तुमची यादी कोणत्याही रुग्णालयाला दिसत नाही.

चॉइस फिलिंगमध्येही खऱ्या आवडीनुसारच क्रम लावायचा असतो, तेच तत्त्व इथे आहे. फरक एवढाच की नीट-पीजीत सगळ्या महाविद्यालयांसाठी गुणवत्ता क्रमांक एकच असतो, तर इथे प्रत्येक रुग्णालय स्वतःची वेगळी यादी लावते. एका ठिकाणी तुम्ही चाळीसाव्या असाल आणि दुसरीकडे चौथ्या. म्हणूनच ‘माझा नंबर कुठे लागेल’ या अंदाजाला यादी लावताना काही अर्थ उरत नाही.

यादी लांब ठेवा. मुलाखत झालेली, जिथे तुम्ही खरोखर रुजू व्हाल अशी सगळी ठिकाणे तिच्यात घ्या. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकन महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाच्या एमडी (तिथली पहिली वैद्यकीय पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, तर अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्क्यांना. जिथे जायचेच नाही असे नाव मात्र मुळीच लिहू नका, कारण मॅचचा निकाल बंधनकारक असतो.

प्रतिसाद २

मी एका प्रोग्रॅमच्या, म्हणजे रुग्णालयातील रेसिडेन्सी विभागाच्या, निवड समितीवर काम करते, म्हणून पलीकडच्या बाजूविषयी लिहिते.

गुण, पदवीचे वर्ष, अमेरिकेतील रुग्णालयात केलेले काम आणि शिफारसपत्रे यांचा मोठा उपयोग मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना होतो. अमेरिकेतील वैद्यकीय परवान्यासाठीच्या यूएसएमएलई परीक्षेचे स्टेप १, २ सीके आणि ३ असे टप्पे असतात. स्टेप १ चा निकाल २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागत असल्यामुळे स्टेप २ सीकेच्या गुणांकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. मुलाखत झाली की प्रत्येक मुलाखतकार आपापली नोंद करतो आणि मग समितीची बैठक बसते. त्या बैठकीत गुणांवर फारसे बोलणे होत नाही. एखाद्या रुग्णाविषयी सांगताना उमेदवाराने आपली भूमिका नेमकी सांगितली की सगळे श्रेय ओढून घेतले, आमचेच रुग्णालय का हवे याचे उत्तर त्याने आमच्या कामाकडे पाहून दिले की सर्वांना चालेल असे दिले, रात्रपाळीला हा सहकारी सोबत असलेला आम्हाला आवडेल का, यावर चर्चा होते. अर्जात लिहिलेल्या संशोधनाविषयी दोन प्रश्न विचारताच अडखळणारा उमेदवार यादीत बराच खाली जातो. असे मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते.

आता त्या ईमेलविषयी. असे पत्र पाठवणे नियमबाह्य नाही, पण ते बंधनकारकही नाही. यादीवर समितीचे शेवटचे काम होईपर्यंत नावे वरखाली होत असतात. त्या पत्राबद्दल आभार माना आणि यादी लावताना ते बाजूला ठेवा. तुम्ही आणखी कुठे अर्ज केला आहे किंवा आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार, असे प्रोग्रॅमने विचारणे नियमात बसत नाही. कोणी विचारलेच तर नम्रपणे उत्तर टाळावे.

विचारणा करणारीचा पुढील प्रश्न

दोघांचेही मनापासून आभार. शिकागो पहिले, हे नक्की केले. एक गोष्ट आधी लिहायची राहिली. माझे पती बालरोगशास्त्रासाठी याच वर्षी मॅचमध्ये आहेत आणि आम्ही जोडीने नोंदणी करण्याचा विचार करत आहोत. त्याने वरचे गणित बदलते का?

प्रतिसाद ३

बदलते, आणि यावर तुम्हा दोघांना निवांत बसून बोलावे लागेल. जोडीने नोंदणी केल्यावर याद्या जोड्यांच्या होतात: तुमचे शिकागो आणि त्यांचे शिकागो ही पहिली जोडी, तुमचे ओहायो आणि त्यांचे ओहायोतीलच क्लीव्हलँड ही दुसरी, याप्रमाणे. एखाद्या ओळीतील दोन्ही जागा मिळत असतील तरच ती ओळ लागू होते. एक मिळाली आणि दुसरी नाही, तर संगणक पुढच्या ओळीकडे जातो. कोणतीच ओळ जुळली नाही, तर दोघेही जागेविना राहतात. म्हणून यादीच्या शेवटी ‘एकाला जागा आणि दुसऱ्याला काहीच नाही’ अशा ओळीही घालता येतात. त्या घालायच्या की नाहीत, कोणाच्या जागेची ओळ आधी घालायची, आणि दोघांना दोन वेगळ्या राज्यांत राहणे चालणार आहे का, हे तुमचे तुम्हालाच ठरवायचे आहे. माझे मत विचाराल तर त्या ओळी जरूर घालाव्यात. एकाची रेसिडेन्सी सुरू झाली तर दुसऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो. दोघांचेही वर्ष गेले तर घराची घडी बसवणे अधिक कठीण होते.

व्हिसाचीही खात्री करून घ्या. काही प्रोग्रॅम फक्त जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) देतात आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट लागू होते. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) हवा असेल तर स्टेप ३ आधी उत्तीर्ण व्हावे लागते.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याची पुरवणी

एक व्यवहाराची गोष्ट. यादी संकेतस्थळावर केवळ भरून ठेवणे पुरत नाही. मुदतीच्या आत ती प्रमाणित, म्हणजे तिथेच पक्की, करावी लागते, आणि जोडीच्या बाबतीत दोघांनी आपापली यादी स्वतंत्रपणे प्रमाणित करायची असते. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार रात्री ९ ला संपते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. त्या सकाळची वाट न पाहता दोन-तीन दिवस आधीच प्रमाणित करून टाका. मुदतीपर्यंत बदल करता येतात, फक्त प्रत्येक बदलानंतर यादी पुन्हा प्रमाणित करावी लागते.