अनुभव लिहा: कॅथलिक शाळेत भेटलेली श्रद्धा आणि सेवा

नंदाखाल, निर्मळ, पापडी, सांडोर, वसईत कुठेही जा, चर्चला लागूनच शाळा. सकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटली की तीच मुलं दप्तरं घेऊन वर्गात. वसई धर्मप्रांत 1998 साली वेगळा झाला, पण इथल्या कितीतरी शाळा त्याच्या खूप आधीच्या. अभ्यासाखेरीज तिथे जे मिळालं, प्रार्थना, जपमाळ, दुसऱ्यासाठी राबणं, ते कुठेतरी लिहून राहावं असं फार वाटतं. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच विचारते. विनंती एकच: "फादरांनी खूप केलं, सिस्टर फार मायाळू होत्या" एवढ्यावर थांबू नका. काय केलं ते सांगा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा, जरूर लिहा.

निवृत्त शिक्षिका, वसई

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. आमच्या शाळेत महिनाअखेरीला मैदानावर जिवंत जपमाळ व्हायची. प्रत्येक मूल म्हणजे एक मणी. 53 वेळा नमो मरिया आणि 6 वेळा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', म्हणजे 59 मुलं, शिवाय क्रुसाच्या जागी उभी राहणारी वेगळी. पीटीचे सर खुंटी आणि दोरी घेऊन फक्कीने वर्तुळ आखायचे. मोठ्या मण्यांचा, म्हणजे 'पित्या'च्या प्रार्थनेचा, मान दहावीला. पाळी आली की आपली पणती लावायची, प्रार्थनेचा पहिला भाग एकट्याने म्हणायचा, पुढचा सगळी शाळा म्हणणार.

एका वर्षी परतीच्या पावसाने ऐनवेळी फक्की धुऊन नेली. मग मुलांना व्हरांड्यात उभं केलं, ऑफिसच्या दारापासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत एक लांब रांग. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेवटच्या मुलांना काही ऐकू जाईना. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने आपली प्रार्थना संपताच शेजारच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने त्याची म्हटली आणि पुढच्याच्या खांद्यावर ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. पुढल्या वर्षी लख्ख ऊन होतं, मैदान कोरडं होतं, तरी मुलांनी खांद्यावर हात ठेवूनच जपमाळ पुरी केली. मी निवृत्त होईपर्यंत ती तशीच चालली.

पंच्याहत्तरी ओलांडलेला एक वेदीसेवक

आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये. शाळा सुटली की मास्तर आम्हाला, म्हणजे वेदीवर फादरांना मदत करणाऱ्या पोरांना, बसवून उत्तरं घोकून घेत. फादर म्हणणार 'दोमिनुस वोबिस्कुम', आम्ही म्हणायचं 'एत कुम स्पिरितु तुओ'. अर्थ एकदाच सांगितला होता, पाठांतर मात्र पक्कं. माझी आजी मिस्साभर जपमाळ ओढत बसायची, बहुतेक म्हाताऱ्यांचं तसंच.

जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 चालली आणि त्या बदलातून मिस्सा मराठीत आली. सगळ्यांना आनंद झाला, पण वाचता न येणाऱ्यांनी नवी उत्तरं शिकायची कशी? मास्तरांनी आम्हा पोरांना आळ्या वाटून दिल्या. संध्याकाळी घरोघर जायचं, ओटीवर बसायचं आणि म्हाताऱ्यांकडून उत्तरं म्हणून घ्यायची. माझ्या वाट्याला आमचीच आळी. आजीला मी शिकवलं! पहिल्या मराठी मिस्सेत तिने जपमाळ पिशवीत ठेवली आणि सगळी उत्तरं मोठ्याने दिली. माझ्या हातून गावाची काही सेवा झाली असेल तर तीच पहिली.

शिक्षक, मुंबई

5 सप्टेंबर म्हणजे शिक्षक दिन, आणि मदर तेरेसांचा स्मृतिदिनही (1997). 1948 पर्यंत त्या कोलकात्यात शाळेतच शिकवत होत्या, हे आमच्या मुलांना आवर्जून सांगतो. त्या दिवशी आमच्याकडे पहिलं फूल मावशींना आणि शिपाईकाकांना, मग आम्हाला.

माजी विद्यार्थिनी, दादर

आमच्या घरी गणपती बसतो. शाळा सिस्टरांची. कॅथलिक मुली कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला) गेल्या की आम्हाला मॉरल सायन्स (नीतिशिक्षण). मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम 28 मध्येच आहे. ते मला फार पुढे कळलं. सिस्टरांनी मात्र कधी चॅपेलमध्ये चल म्हटलं नाही आणि मी गेले तर कधी अडवलंही नाही. परीक्षेच्या दिवसांत मी जायचे. शांत वाटायचं.

उपवासकाळात वर्गात एक डबा असायचा. नियम कडक: आईबाबांकडून पैसे मागायचे नाहीत, तुम्ही स्वतः जे सोडाल त्याचेच टाकायचे. मी वडापाव सोडायचे. डबा रुमालाने झाकून बाकाबाकावरून फिरवायचा, कोणी किती टाकले, टाकले की नाही, हे शेजारणीलाही दिसू नये. हल्ली कुठल्याही मदतीचा आधी फोटो निघतो, तेव्हा तो रुमाल हटकून आठवतो. देणाऱ्याचं नाव झाकलेलंच बरं, यावर मी आजही ठाम आहे.

परिचारिका, वसई

रुमालावरून आमच्या सिस्टर आठवल्या. आठवीत असताना महिन्यातल्या एका शनिवारी त्या आम्हाला वृद्धाश्रमात न्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "फळं वाटून परत यायचं नाही. एकेकीने एक आजी सांभाळायची आणि वर्षभर तीच."

माझ्या आजी तरुणपणी पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जायच्या. हात अजून दणकट, पण खाली वाकता येत नव्हतं. मी त्यांची नखं कापायचे. म्हातारपणी पायाची नखं जाड आणि कडक होतात. आधी कोमट पाण्यात पाय भिजवायचे, मग सरळ रेषेत कापायची, कोपरे खणायचे नाहीत, आणि मधुमेह असेल तर आपण हात लावायचाच नाही, तिथल्या नर्सबाईंना बोलवायचं. हे सगळं सिस्टरांनी करून दाखवलं, स्वतः जमिनीवर बसून.

2016 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या) पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही घ्यायची मुभा दिली. त्या वर्षी आमच्या फादरांनी निवडलेल्या बारा जणांत माझ्या आजी होत्या. आदल्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला. गेले तर पाय पुढे करून म्हणाल्या, "बघ गं बाय नीट. फादरांच्या हातात असे पाय कसे देऊ?" मी कापत होते आणि त्या खाली बघत नव्हत्या, भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी फादरांनी त्यांच्या पायावर पाणी घातलं, पुसले आणि त्यांचं चुंबन घेतलं. प्रभूने शिष्यांचे पाय का धुतले, हे मला त्या दिवशी कळलं. आज वॉर्डात पेशंटचे पाय हातात घेताना किळस कधी आली नाही, त्याचं श्रेय सिस्टरांना.

माजी विद्यार्थी, श्रीरामपूर तालुका

आमच्यातल्या बऱ्याच जणांचे आईवडील ऊसतोडीला जायचे, म्हणून आम्ही मिशनच्या बोर्डिंगात. रात्री जेवणानंतर जपमाळ, मग अभ्यास. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा भरते, नगर जिल्ह्यातून आणि बाहेरूनही लोक येतात, सगळ्या जातिधर्मांचे. आम्ही मोठी मुलं पाण्यावर आणि हरवलेल्या पोरांच्या मंडपात. रडणाऱ्या लेकराला कडेवर घेऊन नाव विचारायचं आणि माइकवरून सांगायचं. आई धावत यायची, लेकराला उचलायची आणि मग आमच्या डोक्यावरून हात फिरवायची. आमच्या आया तेव्हा लांब कुठे तरी फडावर जायच्या तयारीत असायच्या. तो हात आम्हाला पुरायचा.

माजी विद्यार्थी संघाचा कार्यकर्ता, वसई

10 एप्रिल 2020, गुड फ्रायडे. टाळेबंदीमुळे चर्च बंद, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांची प्रार्थना) घरातल्या घरात. त्याच आठवड्यात शाळेच्या एका वर्गात आम्ही डाळ-तांदळाच्या पिशव्या भरत होतो. पण द्यायच्या कोणाला? कारखाने बंद पडलेले, कामगार कुठल्या चाळीत राहतात ते ठाऊक नाही. बाईंनी पटावरचे पत्ते काढले. कुठल्या मुलाचा बाप वालीवच्या कारखान्यात कामाला, कोण भाड्याच्या खोलीत, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या यादीवरून आम्ही दारोदार गेलो.

नववीची वर्गशिक्षिका, विरार

परिचारिकाताई, तुमचं वाचून यंदाच्या उपवासकाळात आमच्या मुलींना न्यायचं ठरवतेय. आधी कोणाशी बोलायचं?

परिचारिका, वसई

बाई, आधी आश्रमाच्या सिस्टरांशी आणि मग मुलींच्या पालकांशी बोला, दोघांची लेखी परवानगी घ्या. पहिल्या भेटीत नुसत्या गप्पा मारू द्या. नेलकटर प्रत्येकीचं वेगळं, वापरल्यावर स्पिरिटने पुसायचं. आणि एप्रिलनंतर सुट्टी लागेल, तेव्हा मे महिन्यात कोण जाणार ते आत्ताच ठरवा. आज्या वाट बघतात.