चिपळूणच्या पेठेतला एक चौक गाड्यांना बंद करावा का?

वाशिष्ठीकाठ
कुठला ठराव झालेला नाही की आराखडा आलेला नाही, हे माझं स्वतःचं मत. पेठेत निदान एक चौक असा हवा जिथे गाडी येणार नाही आणि माणसाला काही विकत न घेता घटकाभर टेकता येईल. आत्ता टेकायचं तर देवळात, नाहीतर हॉटेलात चहा मागवून.

पण 'सुशोभीकरण' नको. कारंजं नको, एलईडीचं झाड नको, सेल्फी पॉइंट तर नकोच नको. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021, दोन्ही वेळा पेठ बुडाली. वाशिष्ठी नदीला भरती लागते, वरून कोयनेचं अवजल, म्हणजे वीज काढून सोडलेलं पाणी, कोळकेवाडी धरणातून येतं, शिवनदी तर गावातूनच वाहते. पाणी पुन्हा येणार हे धरूनच जागा आखावी. जे बुडून नासेल ते तिथे ठेवूच नये. जांभ्याचे ओटे, जांभ्याचीच फरसबंदी, कडेला मोठी सावलीची झाडं, मधे रिकामी जमीन. पूर ओसरला की चिखल खरवडायचा, पाइप मारायचा, चौक पुन्हा सुरू.

पेठेतला दुकानदार
ओटे खुशाल बांधा. गाड्या कुठे लावणार ते आधी सांगा. माझं गिऱ्हाईक अलोरे, पोफळी, शिरगावहून येतं. तांदळाचं कट्टं खांद्यावर टाकून ते तुमच्या झाडांखालून चालत जाणार? निम्मं गिऱ्हाईक आधीच मोबाइलवर गेलंय. 2021 ला माझा तळमजला अख्खा पाण्याखाली होता. माल गेला, कर्ज राहिलं. आत्ता कुठे जरा सावरतोय, तर दारात प्रयोग नको.

आणि कोणी दिल्लीचा चांदणी चौक सांगायच्या आत मीच सांगतो. 2021 मध्ये तिथे दिवसा गाड्या बंद केल्या, खरं आहे. तिथे जमिनीखाली मेट्रो आहे. आपल्याकडे सहा आसनी रिक्षा.

वाशिष्ठीकाठ
काका, दिवसभर बंद कुठे म्हणतोय? सकाळी दहापर्यंत माल उतरवा, मग बंद. पुण्यात 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवतात. तसा एक दिवस करून बघू.

पेठेतला दुकानदार
एक दिवसाची जत्रा कुठेही भरते. आषाढात, आडवारी, पाऊस आडवा लागलेला असताना बंद करून बघा.

घाटावरची सून
एवढे पैसे असतील तर आधी नदीतला गाळ काढा आणि गटारं साफ करा. बाकी सगळं नंतर.

जांभा-चिरा
बांधकामात आहे म्हणून बोलतो. गाळाचा मुद्दा बरोबर, पण तो खर्च वेगळा, खातं वेगळं. चौक अडवून ठेवला म्हणून गाळ निघत नाही.

जांभा ओट्याला ठीक, पायाखाली नको. तो पाणी पितो, शेवाळ धरतो. जुलैत एखादी म्हातारी घसरली की खुबा मोडलाच. पॉलिश ग्रॅनाइट त्याहून वाईट. खरखरीत टाचलेला काळा दगड घ्या आणि उतार नीट द्या. उतार चुकला की चौकाचं डबकं होतं, आणि डबकं झालं की वर्षाच्या आत त्यावर पेव्हर ब्लॉक येतात.

पण दगडापेक्षा मोठा प्रश्न छपराचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि मार्च ते मे ऊन असं की उघड्या ओट्यावर कुत्रंही बसत नाही. मग जागा वापरणार कधी? जुन्या पेठांत दुकानापुढे पडवी असायची, भर पावसात माणूस तिच्याखालून सुका जायचा. ती आपणच आत घेऊन दुकानं मोठी केली. चौकाच्या चारी बाजूंनी सलग पडवी परत आणा, मधली जमीन उघडी सोडा. दुकानदारांचंही गिऱ्हाईक त्यात भिजायचं वाचेल.

आणि एक. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नव्या बांधकामाला मनाई, पण बाग, मैदान, मोकळी जागा चालते. जिथे बांधताच येत नाही, तिथे चौक मोकळा ठेवायला हरकत कसली?

सहाणेवरचा
मोकळी जागा आपल्याला नवीन नाही. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, बसते, अख्खा गाव तिथे जमतो. सहाणेला ना कारंजं लागतं ना रेलिंग. मधे काही उभं करू नका, पुतळासुद्धा नको. एकदा काही उभं राहिलं की त्याला कुंपण येतं, मग कुलूप, आणि पालखी नाचवायला रस्ताच उरतो.

मालवणी माणूस
तुमच्याकडे निदान कोण इचारता तरी. हय सरळ पेव्हर घालून मोकळे होतत. सावंतवाडीक मोती तळ्याच्या काठार जावन बघा, सांजची माणसा कठड्यार बसतत. बाजूक गाड्या चालूच.

चाकरमानी, दिवा
गणपतीत गाडी लावायला जागा मिळत नाही. पार्किंग करा सरळ.

सहाणेवरचा
दहा दिवसांसाठी येणार, आणि बारा महिन्यांचं ठरवून जाणार. बरं.

रानभाजी
पडवी झाली, दगड झाला, पालखी झाली. बायका कुठे बसणार? माझी आई जूनमध्ये टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसते, थंडीत वायंगणी भाजी. बाजूला मासळीवाल्या. चौकाला नवी फरशी बसली की पहिल्या टोपल्या उठतात, आणि वास येतो म्हणून मासळीवाल्या त्याच्याही आधी.

2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे लागतात, त्यातल्या एकतृतीयांश बायका. हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस. आराखडा काढायच्या आधी ही समिती बसवा. पडवीचा निम्मा भाग टोपल्यांना असं लिहून द्या, तिथे पाण्याचा नळ आणि बायकांसाठी मुतारी द्या, मग मी तुमच्या बाजूने.

वाशिष्ठीकाठ
नळ आणि मुतारी माझ्या डोक्यातच आली नव्हती. पडवीचा निम्मा भाग मान्य.

पेठेतला दुकानदार
माझ्या दारातली पडवी, आणि मान्य हे करणार!

रानभाजी
दार तुमचं, रस्ता सगळ्यांचा. पण दादा, दहाला गाड्या बंद म्हणता आणि आईची भाजी संपते साडेबाराला. रिकाम्या टोपल्या आणि उरलेले फणस डोक्यावर घेऊन ती स्टँडपर्यंत चालणार का? म्हणजे दुकानदार काकांचा आणि माझा प्रश्न एकच निघाला. मला हे अजिबात आवडलेलं नाही.

पेठेतला दुकानदार
मलाही नाही. पण रिक्षा आत यायलाच हवी.